दह्याच्या वाटीवाचून

गेल्या महिन्यात दादरला एका स्नेह्यांच्या घरी आम्ही चार-सहाजण जमलो असता, कचेरीत न्यावयाच्या डब्याचा विषय निघाला, आणि वयाने व अधिकाराने मला वडील असलेल्या एका गृहस्थांनी असा अभिप्राय दिला की, दूध, दही, तूप वर्ज्य करून नोकरदार माणसाने रोजचा डबा न्यावा, हे पाश्चात्त्यांकडून उसने आणलेले व केवळ धनिकांना परवडणारे खूळ आहे. असा डबा करावयास सकाळी वेळ पुरत नाही, केलाच तर त्याने पोट भरत नाही, आणि असल्या हौशीचा सगळा भार अखेर घरातल्या बाईच्या माथी येतो. मी त्या वेळी गप्प राहिलो, कारण यजमानांच्या घरी, पंगतीला बसण्यापूर्वी, वडीलधाऱ्यांशी हुज्जत घालणे मला प्रशस्त वाटले नाही. परंतु गप्प राहणे म्हणजे दावा कबूल करणे नव्हे. आणि गेली अकरा वर्षे मी स्वतः असाच डबा भरून लालबागहून फोर्टातल्या कचेरीत नेत असल्याने, या फिर्यादीला जबाब देण्याचा थोडासा अधिकार मला पोहोचतो, अशी माझी समजूत आहे.

परकेपणाचा आरोप प्रथम घेतो. 1944 साली इंग्लंडमध्ये डोनाल्ड वॉटसन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ‘व्हीगन’ हा शब्द घडविला, व मांस-मासळीबरोबरच दूध आणि अंडी वर्ज्य करणाऱ्यांची संस्था काढली, हे खरे. शब्द तिकडचा आहे, याबद्दल वाद नाही. पण शब्द परका म्हणून ताटातली वस्तूही परकी, हा न्याय कोठला? ज्वारीची भाकरी, मटकीची उसळ, लसणीची चटणी आणि कांदा हे जेवण वॉटसनसाहेबांनी आपल्याला शिकविले, असे म्हणण्याचे धाडस ते गृहस्थही करणार नाहीत.

उलट, मला विचारावयाचे आहे की, मुंबईच्या श्रमिकाच्या डब्यात दूध-दही होते तरी केव्हा? 1854 साली कावसजी दावरांनी ताडदेवला कापडगिरणीचा उपक्रम हाती घेतला तेव्हापासून, 18 जानेवारी 1982 रोजी अडीच लाखांच्या घरात कामगार संपावर गेले आणि गिरणगावाची ती सृष्टी मोडत गेली तोपर्यंत, सव्वाशेहून अधिक वर्षे परळ, लालबाग, डिलाईल रोड, काळाचौकी या भागांत जी लाखो माणसे कोकणातून व घाटावरून येऊन राहिली, त्यांच्यातले असंख्य पुरुष एकेका गाळ्यात दहा-दहा, पंधरा-पंधराजण दाटीने राहत आणि शेजारच्या खानावळवाल्या बाईकडे महिन्याच्या हिशेबाने जेवत. ते मासे खात, हे मी दडवीत नाही. मालवणी माणसाच्या ताटातून सुकट-बोंबील वगळून मी खोटा इतिहास लिहिणार नाही. परंतु सोमवार, गुरुवार, शनिवार, एकादशी, अवघा श्रावण आणि पगारापूर्वीचा कोरडा आठवडा, हे सगळे दिवस मोजले, तर काळ्या वाटाण्याची उसळ, कुळथाची पिठी, चवळी, भाकरी, भात आणि चटणी यांवर निघालेले दिवस किती भरतात, याचा हिशेब ज्याने त्याने आपल्या घरातल्या जुन्या माणसांना विचारून करावा. आणि मासे असोत की नसोत, दह्याची वाटी त्या डब्यात बहुधा नव्हतीच. सकाळच्या पाळीचा भोंगा होण्यापूर्वी ज्याला घर सोडावयाचे, त्याच्या वाट्याला दूध येई ते चहापुरते.

ही केवळ गरिबीची गोष्ट नव्हे. गिरगावातल्या ज्या चाळीत माझे बालपण गेले, तेथे कारकून, मास्तर, छापखान्यातले जुळारी अशी मध्यम स्थितीतली बिऱ्हाडे होती, आणि तेथेही दूध ही मोजून-मापून वापरावयाची चीज होती. गोरेगावजवळ आरे वसाहत 1949 साली उभी राहिली. 1951 मध्ये पंडित नेहरूंच्या हस्ते तिचे उद्घाटन झाले. सरकारी केंद्रांवरून बाटलीतले दूध मिळू लागले. पण त्यानंतरही कित्येक वर्षे कार्डावर जेवढे लिहिले असेल तेवढेच दूध, आणि तेही पहाटेच्या अंधारात रिकाम्या बाटल्यांची पिशवी घेऊन रांगेत उभे राहिल्यावर, अशी वहिवाट होती. ‘दुधाचा महापूर’ ही योजना सुरू झाली ती 1970 साली. याचा अर्थ असा की, प्रत्येक जेवणात दही, प्रत्येक भाजीत पनीर आणि प्रत्येक पोळीवर तूप, ही ज्या अवस्थेला माझे वडीलधारे स्नेही परंपरा म्हणतात, ती या शहरातल्या सामान्य घरांत जेमतेम दोन पिढ्यांची आहे. पनीर तर त्याहूनही अलीकडचे. माझ्या आईने ते जन्मात कधी केले नाही.

एक गोष्ट मात्र मी प्रांजळपणे मान्य करतो. वरण-भातावरची तुपाची धार सुटली, तेव्हा मला ती कित्येक महिने आठवत राहिली, आणि तिच्या तोडीचे काही मला आजतागायत सापडलेले नाही. जे गेले ते गेले. या शहराला लागणारे पुष्कळसे दूध म्हशीचे. म्हशीला पारडी झाली तर ठीक, पण रेडकू झाले तर त्याच्या वाट्याचे दूध बाजारात जाते आणि ते रेडकू, कोणाच्याच उपयोगाचे नसल्याने, उपाशी मरते किंवा कसायाकडे जाते. हे मी एका तबेल्यात डोळ्यांनी पाहिले, आणि त्यानंतर ती धार माझ्या घशाखाली उतरेना. हा माझा हेतू झाला. तो इतरांवर लादण्याचा माझा इरादा नाही. परंतु ज्याला हा हेतू पटतो, त्याला ‘हे तुला जमणार नाही’ असे सांगून परतविणे मला अन्यायाचे वाटते.

या ठिकाणी प्रतिपक्ष गांधीजींची साक्ष काढतो, आणि त्या दिवशीही ती काढली गेली: ‘महात्म्यालाही दूध सुटले नाही.’ साक्ष वजनदार आहे, म्हणून ती पुरती तपासली पाहिजे. गांधीजींनी 1912 साली दक्षिण आफ्रिकेत दूध सोडले, आणि गाई-म्हशींचे दूध शेवटच्या थेंबापर्यंत काढण्यासाठी गवळी करीत असलेल्या फुंक्याच्या अमानुष प्रकाराची माहिती हे त्या त्यागाचे एक मोठे कारण होते. पुढे खेडा जिल्ह्यात सैन्यभरतीसाठी हिंडताना त्यांना आमांशाने ग्रासले, प्रकृती पार खालावली, आणि 1919 च्या आरंभी याच मुंबईत डॉ. दलालांच्या आग्रहाने, व शेळीच्या दुधाला तुमच्या व्रताची आडकाठी नाही या कस्तुरबांच्या युक्तिवादाने, त्यांनी शेळीचे दूध घेतले. एवढे सर्वजण सांगतात. परंतु आजारापूर्वी त्यांचा आहार काय होता, हे कोणी सांगत नाही. तो होता मुख्यत्वे शेंगदाण्याचे लोणी आणि लिंबे! पायी मैलोगणती चालणारा, रात्रंदिवस राबणारा पन्नाशीला टेकलेला पुरुष, रोजच्या धान्याचा व डाळींचा आधार नसताना केवळ दाण्यांवर राहिला आणि खचला, यावरून दुधावाचून माणूस जगत नाही असे अनुमान काढणे तर्काला धरून नाही. भाकरी आणि उसळीवाचून माणूस खचतो, एवढेच फार तर त्यातून निघते. शिवाय शेळीचे दूध घेतल्याची खंत त्यांना पुढे सदैव राहिली, आणि दुधाच्या तोलाचा एखादा वनस्पतिजन्य पदार्थ कोणा अनुभवी माणसाने सुचवावा, अशी विनंती त्यांनी आपल्या आत्मकथेतच करून ठेवली आहे. ही साक्ष माझ्या विरुद्ध पक्षाची नव्हे.

आता पोट न भरण्याविषयी. चार वाजता पोटात खड्डा पडतो, ही तक्रार मी कचेरीत रोज ऐकतो, आणि ती करणारे बहुतेकजण दूध-दही खाणारेच असतात. त्यांच्या डब्यात डोकावले तर दोन पोळ्या आणि बटाट्याच्या काचऱ्यांची भाजी, किंवा नुसता फोडणीचा भात. उणीव दह्याची नसते, कडधान्याची असते. मटकीच्या 100 ग्रॅममध्ये सुमारे 23 ग्रॅम प्रथिने असतात. तेवढ्याच ज्वारीत सुमारे 10, आणि शेंगदाण्यात सुमारे 25. तेव्हा मूठभर, म्हणजे 50 ग्रॅम, कोरड्या मटकीची उसळ, 100 ग्रॅम पिठाच्या दोन भाकऱ्या आणि कोशिंबिरीत घातलेले 20 ग्रॅम दाण्याचे कूट एवढ्यानेच सव्वीस-सत्तावीस ग्रॅमांची बेरीज होते. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेने 2020 साली ठरविलेल्या प्रमाणानुसार वजनाच्या दर किलोमागे दिवसाला 0.83 ग्रॅम प्रथिने लागतात. साठ किलोच्या माणसाला पन्नासच्या आसपास. म्हणजे निम्मी गरज या एका डब्यातच भागली. ज्या दह्याच्या वाटीसाठी एवढा आक्रोश चालतो, तिच्यातून मिळतात तीन-चार ग्रॅम. ज्वारीत जे कमी ते मटकीत भरपूर आणि मटकीत जे कमी ते ज्वारीत पुरेसे, म्हणून ही जोडी आपल्या पूर्वजांनी रसायनशास्त्र न शिकता जमविली आणि आपण शिकूनही मोडली, याची मला खरोखर हळहळ वाटते.

कॅल्शियमचा प्रश्न हमखास विचारला जातो. दुधाच्या 100 ग्रॅममध्ये ते सुमारे 120 मिलिग्रॅम, तर नाचणीत त्याच्या अडीचपट ते तिप्पट. न सडलेल्या तिळात तर त्याहूनही पुष्कळ अधिक. तिळातले सगळे अंगी लागत नाही हे खरे, पण नाचणीची भाकरी, तिळाची चटणी आणि एखादी पालेभाजी यांचा मेळ रोज राखला तर भय बाळगण्याचे कारण नाही. उसळीवर लिंबू पिळावे, म्हणजे तिच्यातले लोह अंगी लागते. आणि जेवणाच्या पाठोपाठ चहा घेऊ नये, कारण तो तेच लोह हिरावून घेतो. कचेऱ्यांतून हा दुसरा नियम पाळणे पहिल्यापेक्षा कठीण जाते.

ब-बारा जीवनसत्त्वाच्या बाबतीत मात्र मी कोणाचीही दिशाभूल करणार नाही. ते वनस्पतीत भरवशाने मिळत नाही. आंबवलेल्या पिठातून मिळते, ही समजूत विश्वास ठेवण्याजोगी नाही. ज्याने दूधही सोडले त्याने वैद्याच्या सल्ल्याने त्याची गोळी घ्यावी, आणि मी ती घेतो. यावर ‘पाहा, गोळी लागलीच ना!’ असे कोणी म्हणेल, तर त्याने पुण्याच्या केईएम रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक व त्यांच्या सहकाऱ्यांचे संशोधन पाहावे. या जीवनसत्त्वाचा अभाव आपल्या लोकांत किती मोठ्या प्रमाणावर आहे, हे त्यांनी दाखवून दिले. आणि ते लोक काही दूध सोडलेले नव्हते. तपासणी दोन्ही पक्षांनी करून घ्यावी.

वेळेच्या आक्षेपाकडे मी आता वळतो, कारण खरी गोम येथे आहे आणि येथेच मला सर्वांत अधिक सांगावयाचे आहे. सकाळी वेळ नसतो, हे सोळा आणे सत्य. करी रोडहून आठच्या सुमाराची गाडी गाठावयाची, त्यापूर्वी पाणी, अंघोळ, मुलांची शाळा. या धांदलीत जो डब्याचा विचार करावयास बसतो, त्याचा डबा कधीच होत नाही. पण हा दोष दुधावाचूनच्या डब्याचा नव्हे. आपल्याकडे झटपट स्वयंपाकाचे रहस्य नेहमीच आधी साठविलेल्या श्रमांत होते. चैत्र-वैशाखात लालबागच्या मसाल्याच्या बाजारात मिरच्या, धने, दगडफूल, नागकेशर निवडून घेऊन डंकावर वर्षाचा मसाला कुटून आणणाऱ्या बायकांची गर्दी ज्याने पाहिली आहे, त्याला हे वेगळे सांगावयास नको: जुलैतल्या एखाद्या सकाळी जी उसळ पंधरा मिनिटांत होते, तिचे अर्धे काम मे महिन्यात झालेले असते.

माझी तजवीज अशी. रविवारी दुपारी तासाभरात दाणे भाजून कूट, सुके खोबरे व लसणीची चटणी, कारळ्याची किंवा जवसाची चटणी, आणि कांदा-सुक्या खोबऱ्याचे भाजलेले वाटण करून ठेवतो. कोथिंबीरवडीचे किंवा अळूवडीचे उंडे उकडून शीतकपाटात जातात. सकाळी चार चकत्या कापून तव्यावर परतल्या की झाले. रात्री निजताना कडधान्य भिजत. दुसऱ्या रात्री ते फडक्यात बांधून ठेवले की मुंबईच्या दमट हवेत पहाटेपर्यंत मोड आलेले असतात. वालाचे बिरडे मी आठवड्यात करीत नाही, कारण डाळिंब्या सोलणे हे सवडीचे काम. मटकी, मूग आणि चवळी सोलावी लागत नाही. अगदीच काही झाले नसेल त्या दिवशी झुणका आहे: कांद्याची सढळ फोडणी, बेसन, पाण्याचा हबका, एक वाफ. यापेक्षा लवकर होणारे काही मला दाखवावे. पातळ पोह्यांना तर चूलही जवळजवळ लागत नाही. कांदा, लिंबू, मिरची आणि वरून फोडणी घालून केलेले दडपे पोहे, त्यांत चुरलेला पापड, की गिरगावकराची न्याहारी डब्यात जाते. (पापड लिज्जतचा असो वा घरचा, 15 मार्च 1959 रोजी गिरगावातल्या लोहाणा निवासाच्या गच्चीवर सात बायकांनी 80 रुपयांच्या उसन्या भांडवलावर तो उद्योग मांडला, याचा मला शेजारधर्माने अभिमान आहे.) ओला नारळ मात्र वैशाखात आणि ऑक्टोबरच्या उन्हात डब्यासाठी वापरू नये, दुपारपर्यंत तो आंबतो. हे मी दोनदा अन्न फेकून दिल्यावर शिकलो.

आणि दह्याचे काय होते? तेही आंबतेच, शिवाय सांडते. 1890 साली महादू हावजी बच्चे यांनी सुरू केलेली डबेवाल्यांची पद्धत आज सव्वाशे वर्षांहून अधिक काळ चालली आहे. त्यांच्या पाटीतून, सायकलवरून, लोकलच्या सामानाच्या डब्यातून, हातोहाती जाणारा डबा जे सोसतो, ते ताकाने किंवा रायत्याने सोसलेले मी पाहिलेले नाही. उसळ, झुणका, भरली वांगी, थालीपीठ सोसतात. दह्याच्या कोशिंबिरीच्या जागी खमंग काकडी न्यावी, जिच्यात कूट, लिंबू आणि फोडणी यांखेरीज कशाची अपेक्षा नसते. भातावर दह्याऐवजी आमसुलाचे सार. कोकणी माणसाला हे सांगावयाचीही गरज नाही. त्याच्या घरी नारळाच्या रसालाही दूधच म्हणतात.

धनिकांच्या चैनीविषयी थोडक्यात. बदामाचे दूध, परदेशी चीजची नक्कल, चकचकीत वेष्टनातले तयार पदार्थ महाग आहेत, आणि त्यांच्या जाहिराती पाहून माझ्या स्नेह्यांचा ग्रह तसा झाला असेल, तर दोष जाहिरात करणाऱ्यांचा. त्यांनी या साध्या आहाराचे मोठे नुकसान केले आहे. मटकी, बेसन, ज्वारी आणि शेंगदाणे यांच्यासाठी दादरच्या बाजारात कोणाला घर गहाण टाकावे लागत नाही. तसेच, केवळ दूध नाही म्हणून कोणताही पदार्थ पथ्याचा ठरत नाही. वडापावातही दूध नसते, पण रोज दुपारी त्यावर राहणे हे जेवण नव्हे.

राहिला शेवटचा आक्षेप, आणि तो मी शेवटी ठेवला, कारण तोच खरा आहे. घरातल्या एकाने व्रत घ्यायचे आणि दुसरीने त्यासाठी पहाटे उठायचे, ही आपल्या घरांतली जुनी रीत आहे. गिरणगावाला ज्या खानावळवाल्या बायकांनी जेवू घातले, संपाच्या दिवसांत उधारीवर घातले, त्यांच्या श्रमांची नोंद कोणत्या दफ्तरात झाली? 1975 साली प्रेमा पुरव यांनी अन्नपूर्णा महिला मंडळ स्थापून त्या बायकांना सावकाराच्या विळख्यातून काढून बँकेच्या दारी उभे केले, तेव्हा कोठे त्यांच्या कामाला काम म्हणून मान्यता मिळू लागली. म्हणून, जो पुरुष माझे म्हणणे वाचून पत्नीला किंवा आईला ‘उद्यापासून माझ्या डब्यात दूध-दही नको’ एवढेच फर्मावील, त्याने असा डबा न नेलेलाच बरा. माझ्या घरी माझा डबा मी करतो. पत्नीला शाळेत जावयाचे असते, तिचाही त्याच वेळी होतो, आणि तिच्या डब्यात दही हवे असेल त्या दिवशी ते तिचे ती घालते. अकरा वर्षांत यावरून आमच्यात वाद झालेला नाही.

माझ्या वडीलधाऱ्या स्नेह्यांना माझी विनंती इतकीच की, त्यांनी निकाल देण्यापूर्वी एक आठवडा, सोमवार ते शनिवार, हा डबा नेऊन पाहावा, आणि तो स्वतःच्या हातांनी भरावा. मंगळवारी उसळ हवी असेल, तर मटकी रविवारीच रात्री भिजत घालावी लागेल.